पुलापलीकडच्या बहनजी

माझी आई फ्रीगंजच्या पुलाचा चढ संपेपर्यंत माझी आई असे. उतार लागला की नसे. हे मी चिडून म्हणत नाही, चिडून म्हणण्यासारखं पुढे बरंच आहे. तिने तसा नियमच घातला होता.

आमचं माळव्यातलं मराठी घर पुलाच्या अलीकडे, माधव नगरात. ती जिथे शिकवायची आणि मी जिथे शिकायचो ती सरकारी शाळा पुलाच्या पलीकडे, जुन्या शहरात. सव्वादहाला आम्ही दोघं निघायचो. चढावर ती माझं बोट धरायची, मराठीत बोलायची, डब्यात कसली भाजी आहे ते सांगायची. पुलाच्या मधोमध एक दिव्याचा खांब होता. तिथे पोचलो की बोट सुटायचं. ती पदर खांद्यावर घट्ट ओढायची आणि म्हणायची, "चलो, लाइन से."

लाइनमध्ये मी एकटाच असायचो.

खांबापलीकडे मी तिला बहनजी म्हणायचं आणि ती मला सत्रह म्हणायची. तो माझा रोल नंबर. एकदा सहावीत असताना वर्गात माझ्या तोंडून 'आई' निघून गेलं. तिने सगळ्या वर्गाकडे पाहून विचारलं, "यहाँ किसकी माँ आई है?" पोरं इतकी हसली की पुढे महिनाभर मला तेच ऐकावं लागलं. संध्याकाळी परतताना खांब ओलांडल्यावर तिने माझं बोट धरलं आणि विचारलं, "फार हसले का रे?" मी बोट सोडवून घेतलं.

वडील मी पाच वर्षांचा असताना गेले. त्यामुळे घरातही तीच आणि शाळेतही तीच. पण दोघींची एकमेकींशी ओळख नव्हती. मला टायफॉइड झाला तेव्हा तिने सुट्टी घेऊन आठवडाभर माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, मऊ भात कालवून भरवला. बरा झालो तेव्हा बहनजींनी अर्ज मागितला. अर्ज आईने घरी हिंदीत लिहिला, खाली पालक म्हणून सही केली. मी तो वर्गात नेऊन बहनजींना दिला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, लाल पेनाने कोपऱ्यात गोल केला आणि परत दिला. "दिनांक नहीं लिखा है. घर से लिखवा के लाओ."

मी तो अर्ज घरी नेला. आईने तारीख लिहिली आणि म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं."

ती गणित शिकवायची आणि तिचा एकच हट्ट होता: पायरी. उत्तर बरोबर असलं तरी कसं आलं ते ओळीने लिहायचं. शाळेत म्हणायची, "स्टेप कहाँ है?" घरी म्हणायची, "पायरी सांग." हे फक्त गणितापुरतं राहिलं नव्हतं. डॉक्टरने औषध लिहून दिलं की त्याला म्हणायची, पायरी सांगा, हे कशावरून? पुढे मी लग्न ठरवून घरी आलो आणि मुलगी पसंत आहे म्हणून सांगितलं, तेव्हा तिने पोळी लाटता लाटता मान वर न करता विचारलं, "उत्तर कळलं. पायरी?"

भाजीवालीशी मात्र तिने कधी भाव केला नाही. सांगितलेल्या भावात टोपली भरून घ्यायची. तिची मुलगी शाळेत आपल्या वर्गात आहे, म्हणायची, ती माझ्याशी खोटं कशाला बोलेल? ती खोटं बोलतेय हे मला बाराव्या वर्षी दिसत होतं. तिथेच, तिच्या मागे पिशवी धरून उभा राहून, मी भाव करायला शिकलो. आज माझं फ्रीगंजात भांड्यांचं दुकान आहे, तीन मजल्यांचं, एका पैशाची वडिलोपार्जित मदत नसताना उभं केलेलं. समोरचा कुकरकडे पाहतो की त्याच्या बायकोकडे, यावरून तो कितीपर्यंत येईल हे मला कळतं. पण आयुष्यातला पहिला भाव मी तिच्याशी केला आणि साफ हरलो.

सातवीच्या वार्षिक परीक्षेत तिने मला गणितात नापास केलं. एकतीस मार्क. पास व्हायला तेहेतीस लागायचे. दोन मार्कांनी.

निकालाच्या दिवशी घरी येऊन मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिलो आणि म्हटलं, "नफा-तोट्याची दोन्ही गणितं मला आली होती. एकतीस कसे होतील?"

"ते शाळेत विचार. घरी आई आहे."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात जाऊन विचारलं. तिथे बाकीच्या बहनजी बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "अरे दे दो ना बहनजी, दो नंबर की तो बात है. अपना ही बच्चा है."

"इसीलिए तो नहीं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "सत्रह, ये बातें घर पर."

घरी विचारलं की शाळेत, शाळेत विचारलं की घरी. मी आठ दिवस हेलपाटे घातले. वार्षिकच्या कॉपी, म्हणजे उत्तरपत्रिका, मुलांना दाखवत नसत, त्यामुळे मार्क कुठे गेले ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी मीच माझ्यापुरता निकाल लावला: तिने पायऱ्यांचे मार्क कापले. दुसऱ्या कुणाचे कापले नसतील इतके माझे कापले, कारण मी तिचा मुलगा होतो. ही तक्रार मी पुढे बेचाळीस वर्षं जपली.

त्या मे महिन्यात घरी वर्षाचा गहू आला. आमच्याकडे माळव्यात उन्हाळ्यात वर्षभराचा गहू भरून ठेवतात. स्वयंपाकघरात पत्र्याची मोठी कोठी होती. हमाल पोतं खांद्यावर घेऊन दारात उभा होता आणि आई कोठी सरकवून खालची जागा झाडत होती. झाडता झाडता ती एकदम खाली बसली.

"माँजी, कहाँ डालूँ?" हमाल म्हणाला.

हमालाने पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, "रख दो कहीं भी. चक्कर आ गया." तो गहू दोन दिवस पोत्यातच राहिला.

चौथ्या दिवशी तिने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "पूरक परीक्षेची तयारी करू." नापास झालेल्यांना जुलैत पुन्हा संधी देणारी ती परीक्षा. मी चकित झालो. घरी अभ्यास घ्यायचा नाही हा तिचाच नियम. बाकीच्या पोरांना जे मिळत नाही ते सत्रहला मिळता कामा नये, असं म्हणायची. पण त्या उन्हाळ्यात रोज सकाळी दोन तास ती माझ्यासमोर पाटी घेऊन बसली. आवाज चढवायची नाही. चुकलं तर म्हणायची, "असू दे, परत करू." मला वाटलं, शाळेत नाक कापलं गेलं म्हणून आता ही धडपड आहे. मी सगळं शिकलो. सगळं येत होतं. जुलैत पूरकला जाऊन बसलो, नाव-नंबर लिहिला आणि तीन तास खिडकीबाहेर पाहून कोरी कॉपी देऊन आलो.

आई फाटकात उभी होती. खांबाच्या पलीकडे असूनही तिने मराठीत विचारलं, "कसा गेला?"

"घर पर बात करेंगे, बहनजी," मी म्हटलं.

तिचा चेहरा मी पाहिला नाही. मुद्दामच पाहिला नाही.

मी सातवीत पुन्हा बसलो. माझ्याबरोबरची मुलं पुढे गेली. मन उडालं ते उडालंच. दहावी कशीबशी करून फ्रीगंजातल्या एका भांडेवाल्याकडे लागलो. पुढचं सांगितलंच आहे. दुकानाच्या उद्घाटनाला ती शाळा सुटल्यावर आली. पाहुणे निघून गेले होते. तिने सगळी भांडी फिरून पाहिली, एक पितळी तांब्या हातात घेतला आणि किंमत विचारली. मी मुद्दाम दीडपट सांगितली. तिने तेवढे पैसे काढून गल्ल्यावर ठेवले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्या वेळी मला बरं वाटलं.

मी नापास झालो त्या वर्षापासून तिची एक सवय मात्र सगळ्या शाळेत प्रसिद्ध झाली. परीक्षेत मूळ कॉपी भरली की पुरवणी घेऊन ती पांढऱ्या दोऱ्याने बांधायची असते. आई परीक्षेच्या हॉलमध्ये स्वतःचं दोऱ्याचं रीळ घेऊन फिरायची आणि प्रत्येक मुलाची गाठ तपासायची. "डबल गाँठ. और लगाओ. खींच के देखो." पोरं लिहीत असली तरी कॉपी ओढून स्वतः दुसरी गाठ मारायची. पहिल्या पानावर पुरवणीची संख्या लिहिली नसेल तर बोट ठेवून उभी राहायची. मुलं तिला गाठवाली बहनजी म्हणू लागली. मी दुसऱ्यांदा सातवीची परीक्षा दिली तेव्हा माझ्या पुरवणीला तिने तीन गाठी मारल्या. वर्गातल्या पोरांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. मला तो टोमणा वाटला. पेपर तपासायलाही ती स्वयंपाकघरात बसेनाशी झाली. खोलीचं दार लावून, पलंगावर चादर पसरून, एकेक कॉपी दोनदा मोजून तपासायची. मी कुणाला सांगताना म्हणायचो, म्हातारपणी माणसं वेडी होतात, आमची चाळिशीतच झाली.

निवृत्तीनंतर ती घरीच असे. नातवंडांच्या वह्यांना टाके घालायची. मी तिला काही कमी पडू दिलं नाही. पण बसून बोलणं आमच्यात नव्हतं. सकाळी मी विचारायचो, "काय हवं?" ती म्हणायची, "काही नको." तेवढ्यावर दुकानाची वेळ व्हायची.

मागच्या वर्षी शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तिचा सत्कार ठेवला. मी गाडीने घेऊन गेलो. हॉल भरलेला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि भाषणाला माझ्याच वर्गातला एक जण उभा राहिला. आता नानाखेड्याला बंगला बांधून राहतो, मोठा इंजिनियर आहे. त्याने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "सातवीं में गणित में मेरे इकतीस आए थे. बहनजी ने दो नंबर का ग्रेस देकर पास किया. वो दो नंबर नहीं मिलते तो मैं आज यहाँ नहीं होता."

टाळ्या झाल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेच वर्ष, तोच वर्ग, तेच एकतीस.

गाडीत बसल्यावर मी दार इतक्या जोरात आपटलं की तिच्या मांडीवरचा नारळ खाली पडला.

"त्याला ग्रेस दिलेस!"

तिने सत्काराच्या शालीची घडी घातली.

"त्याला दिलेस आणि मला नाही. बेचाळीस वर्षं मी समजत होतो की तुझ्यात ग्रेस नावाची गोष्टच नाही. होती. माझ्यासाठी नव्हती. तो इंजिनियर झाला आणि मी कुकरच्या शिट्या विकतोय!"

"हळू चालव."

"चालवतोय ना हळू!"

पुलाचा चढ लागला. ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "थांबव."

"कुठे? पुलावर?"

"खांबापाशी. थांबव म्हणते ना."

तो खांब आता नाही, त्या जागी नवा लोखंडी आहे. मी गाडी थांबवली. मागून लगेच हॉर्न सुरू झाले.

"इथे मी आई पण नाही आणि बहनजी पण नाही," ती म्हणाली. "म्हणून इथे सांगते. तुला ग्रेसची गरज नव्हती."

"एकतीस होते ना? तूच लिहिलेस."

"एकतीस मूळ कॉपीत होते. पुरवणीत आणखी दोन गणितं होती. दोन्ही बरोबर. चार-चार मार्कांची."

मला उलगडा होईना. "मग?"

"पुरवणी सुटली. मी कोठीला टेकून पेपर तपासत होते. ती घसरून कोठीखाली गेली असणार. तू गाठ एकच मारली होतीस, तीही सैल. आणि पहिल्या पानावर पुरवणीच्या चौकटीत आकडा लिहिला नव्हतास."

एवढ्या वर्षांनीसुद्धा आधी माझीच चूक निघाली.

"सापडली कधी?"

"गहू भरायच्या दिवशी."

मागचा रिक्षावाला डोकं बाहेर काढून ओरडला, "क्या भिया, पुल खरीद लिया क्या?"

"कितने में देगा, बोल!" मी ओरडलो. मग तिच्याकडे वळलो. "तेव्हाच शाळेत का नाही गेलीस?"

"काय सांगू जाऊन? निकाल लागून तीन आठवडे झालेत आणि माझ्या मुलाची पुरवणी माझ्याच घरात सापडली? तू दुकानदार आहेस. तुझ्याकडे कुणी अशी गोष्ट घेऊन आला तर ठेवशील विश्वास?"

मी नसता ठेवला. दारातून परत पाठवला असता.

"मला तरी सांगायचंस."

"तू गप्प बसला असतास?"

हेही खरं होतं. मी मुख्याध्यापिकांच्या, बड्या बहनजींच्या टेबलावर चढून ओरडलो असतो.

"तीन दिवस विचार केला," ती म्हणाली. "मग वाटलं, शिकवते. पूरकमध्ये पास होईल आणि मिटेल. तुला येत होतं रे सगळं. आणि तू कोरी कॉपी दिलीस." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "तीही मीच तपासली. शून्य मीच लिहिलं. जे लिहिलं नाही त्याला मार्क कुठून देऊ? आणि जे लिहिलं होतं त्याचे दिले नव्हते."

रिक्षावाला बाजूने शिव्या देत निघून गेला. खालून एक मालगाडी चालली होती, ती संपता संपेना. मला खूप काही बोलायचं होतं आणि जे तोंडात आलं ते दुकानातलं आलं.

"ठीक. मग दे माझे आठ मार्क."

"कॉपी समोर नसताना मार्क देता येत नाहीत."

"कुठे आहे ती पुरवणी?"

"चुलीत घातली. ठेवली असती तर रोज काढून पाहिली असती."

"आई!"

तिने चष्मा पुन्हा लावला. मग पदर खांद्यावर ओढला. "तोंडी घेता येते," म्हणाली आणि आवाज बदलला. "एक दुकानदार लागत से पच्चीस प्रतिशत अधिक मूल्य अंकित करता है और दस प्रतिशत की छूट देता है. लाभ प्रतिशत बताओ."

"साडेबारा," मी म्हटलं. हे मी दिवसातून वीस वेळा करतो.

"स्टेप?"

"अगं, रोजचा धंदा आहे हा माझा."

"सत्रह. स्टेप."

मागे आता दोन बसगाड्या उभ्या होत्या. मी स्टिअरिंगवर हात ठेवून सांगितलं. "खरेदी शंभर धरू. छापील किंमत सव्वाशे. सव्वाशेवर दहा टक्के सूट म्हणजे साडेबारा. विक्री एकशे साडेबारा. खरेदी वजा केली, नफा साडेबारा. शंभरावर आहे म्हणून टक्के साडेबारा."

ती ऐकत होती. बोटाने गुडघ्यावर प्रत्येक पायरीला एक टिचकी मारत होती.

"'शंभर धरू' म्हटलंस," ती म्हणाली. "तेव्हाही लिहिलं होतंस. पायऱ्या सगळ्या होत्या."

मला वाटत होतं, पायऱ्यांवरूनच कापले.

"चार," ती म्हणाली. "चल आता, लोक खोळंबलेत."

एकतीस आणि चार पस्तीस. मी गाडी सुरू केली आणि पुलाचा उतार लागला तेव्हा म्हटलं, "दुसरं गणित राहिलं."

तिने पदर सैल केला होता. खाली वाकून नारळ उचलून मांडीवर घेतला.

"आता घर आलं," ती म्हणाली. "ते शाळेत विचार."

मी हसलो. ती हसली नाही, पण माझ्या गिअरवरच्या हातावर तिने हात ठेवला आणि घर येईपर्यंत तसाच ठेवला. तक्रार गेली असं मी म्हणणार नाही. चार मार्क राहिलेच आहेत, आणि ते मागायला जावं असं मला रोज वाटायचं. पण शाळेत जायचं तर तिला पुलापलीकडे न्यायला हवं होतं, आणि नंतर तिचे गुडघे दुखत होते, मग दिवाळीची गिऱ्हाइकी होती, मग तिला दम लागायला लागला.

त्यानंतर ती पुलापलीकडे एकदाच गेली. चक्रतीर्थाच्या घाटावर जायला पूल ओलांडावाच लागतो. निघण्यापूर्वी दारात तिरडी बांधत होते. बांधणारा हुशार होता, भराभर सुतळी ओढत एकेक गाठ मारून पुढे सरकत होता. मी त्याला बाजूला केलं, खाली बसलो आणि त्याच्या प्रत्येक गाठीवर दुसरी गाठ मारायला लागलो.

"भैया, एक काफी है," तो म्हणाला.

"नहीं है," मी म्हटलं आणि गाठ ओढून पाहिली.